हरलेले इंजिन आणि रात्रीचे वर्ग
(पीटर कूपरचे चरित्र वाचताना)

शोधकांच्या ज्या गोष्टी आपण वर्गात सांगतो, त्यांचा एक ठरलेला साचा आहे. मुलगा गरीब घरचा, शाळेचे तोंड फारसे न पाहिलेला. एके दिवशी त्याला काहीतरी सुचते. लोक हसतात, तो चिकाटी सोडत नाही, यंत्र चालते आणि हसणारेच टाळ्या वाजवतात. वॅटची किटली याच साच्यातून निघालेली आहे. गोष्ट ऐकून मुले खूश होतात, तास संपतो आणि विज्ञानाचे पुस्तक पुन्हा उघडले जाते. गोष्टीचा आणि पुस्तकाचा संबंध क्वचितच लागतो.

या साच्याला आमचा आक्षेप तो खोटा आहे एवढ्यापुरताच नाही. त्यातून मुलांच्या मनावर नकळत जे ठसते ते अधिक काळजीचे आहे. 'शोध लावणारे जन्मजात वेगळे असतात, त्यांना शाळेची गरज नसते. आणि ज्याला शाळेची गरज आहे तो काही शोध लावणार नाही.' मागच्या बाकावरची मुलगी हे मनोमन मान्य करून टाकते. शिक्षकाने सांगितलेली गोष्ट अशी शिक्षकाच्याच कामाच्या मुळावर येते.

म्हणून आम्ही एक चरित्र तपासायला घेतले आहे. ते साच्यात अगदी फिट्ट बसते असे वरवर वाटते, पण जरा खोलात गेले की साच्याला जागोजागी तडे जातात. हे चरित्र आहे न्यू यॉर्कचा संशोधक, कारखानदार आणि नगरसेवक पीटर कूपर याचे.

चरित्राचा सांगाडा

कूपर १२ फेब्रुवारी १७९१ रोजी न्यू यॉर्कमध्ये जन्मला. बाप टोप्या बनवणारा. पुढे त्याने इतरही धंदे करून पाहिले आणि मुलगा प्रत्येक धंद्यात हाताखाली राबला. सगळे मिळून शालेय शिक्षण जेमतेम वर्षभराचे. सतराव्या वर्षी तो घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागला. तिथेच त्याने चाकाच्या मध्यभागी आऱ्यांसाठी खाचा पाडण्याचे यंत्र बनवले. पुढे कापडावरचे तंतू कातरण्याचे यंत्र, आपोआप झुलणारा आणि गाणे वाजवणारा पाळणा असे शोध लावले. पाळण्याचे पेटंट १८१५ सालचे आहे. १८२१ मध्ये सरसाचा कारखाना विकत घेतला आणि त्यावर पैसा मिळवला. १८३० मध्ये 'टॉम थंब' हे छोटे वाफेचे इंजिन रुळावर धावून दाखवले. १८४५ मध्ये ट्रेंटनला लोखंडाची रोलिंग मिल उभारली. अटलांटिक महासागराखालून तारेची केबल टाकण्याचा उद्योग १८५४ पासून सुरू झाला. त्यासाठी अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपनीचा तो अध्यक्ष होता. १८५९ मध्ये 'कूपर युनियन' ही शिक्षणसंस्था सुरू केली. १८७६ मध्ये, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, 'ग्रीनबॅक' पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. त्यात सुमारे ८० हजार मते मिळाली, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. ४ एप्रिल १८८३ रोजी तो वारला.

रॉसिटर रेमंड या खाण-अभियंत्याने १९०१ मध्ये, इतिहासकार ॲलन नेव्हिन्सने १९३५ मध्ये आणि एडवर्ड मॅकने १९४९ मध्ये त्याच्यावर पुस्तके लिहिली. पण मोठ्या ग्रंथातून लहान चरित्रात, लहान चरित्रातून पाठात आणि पाठातून परिच्छेदात उतरता उतरता जे उरते ते असते एक इंजिन आणि एक घोडा.

घोड्याशी शर्यत

गोष्ट अशी. बाल्टिमोर आणि ओहायो रेल्वे कंपनीने रूळ टाकले होते, पण गाड्या घोडे ओढत होते. वळणे इतकी तीव्र की इंग्लंडच्या पद्धतीची इंजिने तिथे चालणार नाहीत असे जाणकार सांगत. कूपरने एक छोटे इंजिन जोडले. बॉयलरला नळ्या मिळेनात, तेव्हा जुन्या बंदुकांच्या नळ्या काढून बसवल्या. २८ ऑगस्ट १८३० रोजी कंपनीचे संचालक डब्यात बसवून त्याने बाल्टिमोर ते एलिकॉट्स मिल्स हा १३ मैलांचा प्रवास केला. परतताना शेजारच्या रुळावर घोड्याची गाडी आली आणि शर्यत लागली. इंजिन पुढे गेले. एवढ्यात पंख्याचा पट्टा निसटला, वाफ कमी पडली आणि घोडा जिंकला. तरी संचालकांना इंजिनाचे मोल पटले आणि रेल्वेयुग सुरू झाले.

यातले काय पक्के आहे? इंजिन होते, ते धावले, वळणांवरूनही धावले, हे पक्के. शर्यतीचे जे रसभरीत वर्णन सगळीकडे उतरवले जाते, ते मात्र कंपनीचे वकील जॉन लॅट्रोब यांनी १८६८ मध्ये केले, म्हणजे प्रसंगानंतर ३८ वर्षांनी. कूपरच्या स्वतःच्या आठवणीही म्हातारपणी सांगितलेल्या आहेत. शर्यत झाली का, झाली तर त्याच दिवशी का, याबद्दल इतिहासकारांनी शंका घेतलेली आहे. मूळ इंजिन जपून ठेवलेले नाही. बाल्टिमोरच्या संग्रहालयात दिसते ती प्रतिकृती १९२७ च्या रेल्वे-प्रदर्शनासाठी बनवलेली आहे आणि मूळ इंजिनाशी ती बरीचशी जुळत नाही. पुस्तकांत छापली जाणारी शर्यतीची चित्रेही नंतरच्या कल्पनेतली आहेत.

गोष्टीचा शेवटही तपासून पाहावा. 'टॉम थंब' नियमित वाहतुकीसाठी कधीच वापरले गेले नाही. कंपनीने १८३१ मध्ये ४००० डॉलरचे बक्षीस लावून इंजिनांची स्पर्धा घेतली आणि ती फिनियस डेव्हिस या कारागिराच्या 'यॉर्क' या इंजिनाने जिंकली. म्हणजे कूपरने 'चालू शकते' एवढे दाखवले. रोजच्या कामाला येणारे इंजिन दुसऱ्याने बनवले. शास्त्रात आणि तंत्रज्ञानात 'चालू शकते' हे दाखवण्याची किंमत मोठी असते, पण ती वेगळी किंमत आहे.

आणखी एक गोष्ट गाळली जाते, ती म्हणजे कूपरला इंजिन का बनवावेसे वाटले. त्याने भागीदारांसह बाल्टिमोरजवळ सुमारे ३००० एकर जमीन घेतली होती. रेल्वे चालली तर जमिनीचा भाव चढणार, बुडाली तर पैसा बुडणार. हे त्याने स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. चरित्रकारांना मात्र ते अडचणीचे वाटते, कारण साच्यातल्या शोधकाला ध्यास असावा लागतो, सातबारा नाही. मुलांना हे कारण सांगितल्याने कूपर लहान होत नाही. शोध कुठून येतात याची मुलांची समज मात्र वाढते.

पट्टा निसटला म्हणजे काय झाले?

शर्यत खरी असो वा नसो, तिच्यातल्या पट्ट्यात विज्ञानाचा एक अख्खा धडा दडलेला आहे, आणि तोच नेमका कोणी शिकवत नाही.

छोट्या भट्टीत कोळसा जोमाने पेटायचा तर हवेचा झोत हवा. चूल फुंकणीने का फुंकतात हे ज्या मुलांनी पाहिले आहे, त्यांना हे समजावावे लागत नाही. कूपरने फुंकणीचे काम पंख्याला दिले आणि पंखा इंजिनाच्या चाकाला चामड्याच्या पट्ट्याने जोडला. चाक फिरले की पंखा फिरे, पंख्याने आग भडके, आगीने वाफ होई, वाफेने चाक फिरे. ही साखळी एका ठिकाणी तुटली की सगळेच मंदावते. पट्टा निसटला, हवा थांबली, वाफेचा दाब उतरला.

याच्या आदल्याच वर्षी, १८२९ मध्ये, इंग्लंडात स्टीफन्सनच्या 'रॉकेट' या इंजिनात निराळी युक्ती होती. सिलिंडरमधून काम करून बाहेर पडणारी वाफ एका नळीने धुराड्यात वर सोडलेली होती. तिच्या झोताबरोबर धुराड्यातला धूर वर ओढला जाई आणि भट्टीत ताजी हवा आपोआप शिरे. पट्टा नाही, पंखा नाही, निसटायला काही नाहीच. शिवाय चढावर इंजिनाला जोर लावावा लागला की जास्त वाफ बाहेर पडते, म्हणून ओढाही वाढतो आणि आगही वाढते. गरज वाढली की पुरवठा आपोआप वाढतो. पुढची शंभर वर्षे वाफेची इंजिने याच युक्तीवर चालली.

'घोडा का जिंकला?' या प्रश्नाचे 'कूपरचे नशीब फुटके' हे उत्तर साच्यातले आहे. 'ज्या भागावर सगळे अवलंबून आहे तो भाग सर्वांत कच्चा होता' हे उत्तर अभियंत्याचे. दुसरे उत्तर नववीतला विद्यार्थी स्वतः शोधू शकतो. त्याला फक्त दोन्ही इंजिनांच्या आकृत्या शेजारी शेजारी काढून द्यायला हव्यात.

क्रँक शक्ती खातो का?

कूपरच्या आयुष्यातली आम्हाला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट शाळेपर्यंत पोहोचतच नाही, कारण ती चुकीची गोष्ट आहे.

वाफेच्या इंजिनात दट्ट्या पुढे-मागे सरकतो आणि क्रँकमुळे चाक फिरते. दट्ट्या दोन्ही टोकांना पोहोचतो तेव्हा तो कितीही जोराने ढकलला तरी क्रँक फिरत नाही. हे मृतबिंदू. पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर बसणाऱ्याला हा अनुभव असतो. चाक नेमक्या जागी अडले की पाय दाबून काही होत नाही, हाताने ढकलावे लागते. यावरून त्या काळच्या अनेक कारागिरांची समजूत होती की क्रँक शक्ती 'खातो'. कूपरचीही तीच होती. त्याने क्रँकशिवाय चाक फिरवण्याची रचना बनवली, पेटंट घेतले, वेळ आणि पैसा घातला. रुळावर यशस्वीपणे धावलेले इंजिन मात्र नेहमीच्या क्रँकवरच चालत होते.

ही समजूत मूर्खपणाची नव्हती. आकडे मांडून पाहू. दट्ट्याची धाव ३० सेंटिमीटर आहे असे धरू. क्रँकचे टोक ३० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात फिरेल. एका फेऱ्यात दट्ट्या जाऊन-येऊन ६० सेंटिमीटर सरकतो. क्रँकचे टोक मात्र परिघावरून सुमारे ९४ सेंटिमीटर जाते. दट्ट्यावरचे बळ सारखेच राहते असे धरले, तर क्रँकच्या टोकाला फिरवणारे सरासरी बळ ६० भागिले ९४, म्हणजे मूळ बळाच्या सुमारे ०.६४ पट भरते. तब्बल ३६ टक्के बळ गेले कुठे?

कुठेच नाही. बळ कमी झाले, पण अंतर त्याच प्रमाणात वाढले. कार्य म्हणजे बळ गुणिले अंतर. दोन्हीकडचे गुणाकार सारखेच येतात. मृतबिंदूपाशी बळ आहे पण हालचाल नाही, म्हणून तिथे कार्य होत नाही. वाफेची ऊर्जाही तिथे खर्च होत नाही. घर्षणात थोडी ऊर्जा जाते तेवढीच. ज्याने फक्त बळ मोजले त्याला गळती दिसली. ज्याने कार्य मोजले त्याला ती दिसली नाही. बळ आणि कार्य यांतला फरक आपल्या पाठ्यपुस्तकात एका व्याख्येत उरकलेला असतो. तो फरक न कळल्यामुळे एका बुद्धिमान, कष्टाळू माणसाचे श्रम कसे वाया गेले, हे सांगितले तर ती व्याख्या कोणी विसरणार नाही.

हा फरक कूपर कुठे शिकणार होता? उमेदवारी करणाऱ्या पोराला रात्री काम संपल्यावर यंत्रशास्त्र शिकता येईल अशी जागा त्या काळच्या न्यू यॉर्कमध्ये नव्हती. ही उणीव त्याने आयुष्यभर बोलून दाखवली. 'शाळा न शिकताही मोठा झाला' हे वाक्य त्याच्या चरित्रात कौतुकाने लिहिले जाते. तो स्वतः त्या वाक्याकडे कौतुकाने पाहत नव्हता.

सरस आणि तळे

कूपरची संपत्ती इंजिनातून आली नाही. मुख्यतः ती सरसातून आली, आणि सरसाची गोष्ट लहान चरित्रांत एका ओळीत संपते. कातडी, खुरे, हाडे उकळण्याच्या धंद्यात काव्य कुठून आणायचे?

पण विज्ञान भरपूर आहे. जनावरांच्या कातड्यात आणि हाडांत कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. त्याच्या तीन साखळ्या दोरीसारख्या पिळलेल्या असतात. पाण्यात तापवले की पीळ सुटतो आणि जिलेटिन तयार होते. अशुद्ध, चिकट स्वरूपातले जिलेटिन म्हणजे सरस. जास्त तापवले, फार वेळ तापवले, तर साखळ्यांचेच तुकडे पडतात आणि सरस दुबळा होतो. म्हणून तर जुने सुतार सरसाचे भांडे थेट आगीवर न ठेवता पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवत. चांगला सरस म्हणजे तापमानावर ताबा. त्या काळी अमेरिकेत चांगला सरस परदेशातून येई. कूपरने त्या तोडीचा माल घरी बनवला आणि प्रतीनुसार त्याचे दर्जे ठरवले. कूपरच्या नावाचे हे दर्जे सरसाच्या व्यापारात पुढे दीर्घकाळ मापदंड म्हणून वापरले गेले. ठरावीक दर्जाचा माल दर वेळी तसाच देणे हा शोधच आहे, फक्त त्याचे चित्र काढता येत नाही.

१८४५ मध्ये त्याने खाण्याच्या जिलेटिनचे पेटंट घेतले. त्यातून त्याने मोठा धंदा उभा केला नाही. जिलेटिनच्या गोड जेलीचा बाजार अर्ध्या शतकानंतर दुसऱ्यांनी गाजवला.

आता दुसरी बाजू. कूपरचा कारखाना मॅनहॅटन बेटावर सनफिश पाँड नावाच्या तळ्याकाठी होता. कारखान्याला पाणी तळ्याचे आणि घाण टाकायलाही तळेच. पाणी नासले, आणि १८३९ च्या सुमारास ते तळे उपसून बुजवण्यात आले. आज तिथे शहराचे रस्ते आहेत. कूपर त्या काळचा एकटा गुन्हेगार नव्हता. कातडी कमावणारे, खाटीक, रंगारी सगळे हेच करत होते. पण चरित्रात इंजिनाला दोन पाने आणि तळ्याला एक ओळही नाही, हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

नगरसेवक कूपर

तळे नासवणारा हाच माणूस नगरपालिकेत शहराला स्वच्छ पाणी मिळावे म्हणून झटत होता. १८२८ मध्ये तो सहायक नगरसेवक म्हणून आणि १८४० मध्ये नगरसेवक म्हणून निवडून आला. पाणी, आग विझवण्याची व्यवस्था, पोलीस आणि शाळा हे त्याचे विषय.

पाण्याचा प्रश्न जिवाशी आला होता. १८३२ च्या कॉलऱ्यात न्यू यॉर्कमध्ये साडेतीन हजारांवर माणसे मेली. १६ डिसेंबर १८३५ च्या रात्री लागलेल्या आगीत सुमारे ७०० इमारती गेल्या. थंडीने पाणी गोठलेले, बंबांना पाणी मिळेना. शेवटी ४१ मैलांवरच्या क्रोटन नदीवर धरण बांधून पाणी शहरात आणले गेले. १८४२ मध्ये ते पोहोचले. शहरापर्यंतचा विटांचा कालवा मैलाला सुमारे १३ इंच एवढ्याच उताराने बांधलेला होता. पंप नाही, इंजिन नाही. सगळे पाणी गुरुत्वाकर्षणाने वाहत आले. शहरात ते बिडाच्या नळांतून घरोघर फिरले. एवढा बेताचा उतार इतक्या अंतरावर राखायचा म्हणजे मोजणी किती काटेकोर हवी, हे मैदानावर पाण्याची पातळी दाखवणारी पारदर्शक नळी घेऊन मुलांना करून पाहू द्यावे.

असे काम कोणा एकाचे नसते. धरणाचा अभियंता जॉन जर्विस, करांना मान्यता देणारे मतदार, खोदणारे आयरिश मजूर आणि समित्यांमध्ये वर्षानुवर्षे बसणारे कूपरसारखे लोक, सगळ्यांचे ते होते. साच्यातल्या चरित्राला समिती परवडत नाही. समितीत कोणी टोप्या उडवत नाही.

नगरसेवक कूपरचे सगळेच निर्णय आज पटतील असे नाही. सार्वजनिक पैशावर शाळा चालवणाऱ्या 'पब्लिक स्कूल सोसायटी'चा तो विश्वस्त होता. १८४० मध्ये कॅथॉलिक नागरिकांनी तक्रार केली की या शाळांतली पुस्तके प्रॉटेस्टंट वळणाची आहेत, तर आमच्या शाळांनाही निधीतला वाटा द्या. कूपर सोसायटीच्या बाजूने उभा राहिला. निधी पंथांत वाटला जाऊ नये हे त्याचे म्हणणे विचार करण्याजोगे होते. पण पुस्तकांबद्दलची तक्रारही खरी होती. १८४२ मध्ये राज्याने निवडून आलेल्या शिक्षण मंडळाची तरतूद केली. वरच्या वर्गांत हा वाद दोन्ही बाजूंनी मांडून पाहावा. आपल्याकडेही पाठ्यपुस्तकांचे वाद मिटलेले नाहीत.

रात्रीचे वर्ग

१८५९ मध्ये कूपर युनियन सुरू झाली. पॅरिसच्या पॉलिटेक्निकमध्ये गरीब मुले कोरड्या पावावर दिवस काढून व्याख्याने ऐकतात, हे कोणीतरी सांगितलेले त्याच्या मनात घर करून राहिले होते. कामगारांसाठी रात्रीचे विज्ञानाचे आणि आरेखनाचे वर्ग विनामूल्य. वाचनालय रात्री दहापर्यंत उघडे. स्त्रियांसाठी चित्रकला-आरेखनाची शाळा, पुढे तारायंत्राचे वर्ग. मोठ्या सभागृहात २७ फेब्रुवारी १८६० रोजी अब्राहम लिंकनचे गाजलेले भाषण झाले.

इमारतीतही कारखानदार दिसतो. आत ट्रेंटनच्या गिरणीत लाटलेल्या घडीव लोखंडाच्या तुळया. तळमजल्यावर भाड्याने द्यायची दुकाने, म्हणजे संस्थेला स्वतःचे उत्पन्न. आणि पाळणा आधी तयार नसतानाही त्याच्यासाठी ठेवलेला उभा, गोल बोगदा. माणसांना वर-खाली नेणारी लिफ्ट येणार हे कूपरने ओळखले होते. ती चौकोनी असेल हे मात्र ओळखले नव्हते.

'सर्वांना सर्व काही फुकट' ही लोकप्रिय आवृत्तीही थोडी दुरुस्त करायला हवी. रात्रीचे वर्ग पहिल्यापासून विनामूल्य होते. दिवसाच्या काही वर्गांत ऐपत असणाऱ्यांकडून शुल्क घेतले जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्नेगी आणि कूपरचे कुटुंबीय यांच्या देणग्यांनंतर ते बंद झाले. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ तिथे शिकवणी शुल्क नव्हते. क्रायसलर इमारतीखालची जमीन संस्थेच्या मालकीची असूनही नव्या इमारतीसाठी काढलेल्या कर्जाचे ओझे झाले. २०१३ मध्ये विश्वस्तांनी शुल्क लावण्याचे ठरवले आणि २०१४ पासून ते लागू झाले. विद्यार्थी महिनोन्‌महिने लढले. २०१८ मध्ये दहा वर्षांत विनामूल्य शिक्षण पुन्हा आणण्याची योजना ठरली. संस्था एकदा उभी केली की उभी राहते असे नाही. दर पिढीला तिचा हिशेब मांडावा लागतो.

मग वर्गात काय सांगावे?

कूपरची गोष्ट सांगू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ती पूर्ण सांगावी. त्यासाठी तीन गोष्टी करता येतील.

पहिली: प्रत्येक चरित्रात 'हे कोणी, केव्हा, किती वर्षांनी सांगितले?' हा प्रश्न मुलांना विचारायला लावावा. प्रयोगवहीत निरीक्षणाची तारीख जशी लिहितो तशीच ही सवय.

दुसरी: फसलेल्या शोधाचे कारण शोधावे, आणि ते शक्यतो मोजून. वर क्रँकचा हिशेब केला तो फळ्यावर दहा मिनिटांत होतो. सायकल उलटी करून पेडल हाताने फिरवले की मृतबिंदूही बोटाला कळतो.

तिसरी: शोधकाभोवतीची माणसे आणि जागा मोजाव्यात. कोणाची जमीन, कोणाचे तळे, कोणाचा कर, कोणाचे श्रम? आपल्या गावच्या नळाचे पाणी कुठून येते, ते कोणी आणले, त्यासाठी कोणत्या सभेत कोण भांडले, हे शोधायला मुलांना नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरात पाठवावे.

असे केले की कूपर देवघरातून खाली येतो. हुशार, हिशेबी, कधी चुकणारा, कधी इतरांचे नुकसान करणारा आणि तरी शहराच्या उपयोगी पडलेला माणूस दिसतो. त्याची तीन मोठी कामे आम्ही एका ओळीत मांडून पाहिली. इंजिन काही महिने धावले. सरसाचे दर्जे काही पिढ्या टिकले. रात्रीच्या वर्गांतून निघालेली संस्था आजही चालू आहे. पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदात यांतले पहिलेच तेवढे असते.

मागच्या बाकावरच्या मुलीला 'शाळा नसतानाही कूपर मोठा झाला' असे सांगायचे, की 'शाळा नव्हती म्हणून कूपरला क्रँक कळला नाही, आणि ते पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून त्याने शाळा काढली' असे? पहिले वाक्य त्याच्या चरित्रकारांचे आहे. दुसरे आमचे वाचन आहे, पण रात्रीचे वर्ग काढणाऱ्या माणसाला ते अधिक मानवले असते असे आम्हाला वाटते.